तिसऱ्या मजल्यावर

पहाटे साडेपाचला नामांकनं जाहीर करतात,
न्यूयॉर्कवाल्यांना न्याहारीबरोबर ताजी मिळावीत म्हणून.
इकडे ग्लेंडेलमध्ये त्या वेळी जागी असते
फक्त गाराबेदची भट्टी
आणि आम्ही चौघे,
ज्यांची झोप सिनेमानं केव्हाच खाल्ली.

पिठाच्या पोत्यांवर फळा टेकवलाय, खडूचे रकाने आखलेत.
पैज पैशांची नाही.
हरेल त्यानं महिनाभर सगळ्यांना लाहमाजून खिलवायचं,
लिंबू वेगळं.

टीव्हीवरची मुलगी प्रत्येक नावाआधी
एक बारीक श्वास घेते.
त्या श्वासात कुणाचं तरी घर वर जातं, कुणाचं तरी खाली.
मग सुरू होतात लग्नघरातले रुसवे:
हा कसा काय आला? ती कशी राहिली?
अरे, त्याला तर मांडवात सगळ्यात पुढे बसवायला हवं होतं!

नुबार एकतीस वर्षं एडिटिंगच्या टेबलावर होता.
तो म्हणतो, रडणाऱ्याला मत पडत नाही,
रडू गिळणाऱ्याला पडतं.
दिक्रान दिव्यांचा ट्रक चालवतो. त्याचा हिशेब वजनकाट्याचा:
भूमिकेसाठी कोण किती किलो सुकला, तेवढं बघा.
सिर्वार्द केस कापते, तिला सगळं ठाऊक असतं.
ती म्हणते, मागच्या खेपेला ज्याच्यावर अन्याय केला
त्याला यंदा देतात. बक्षीस कसलं,
थकलेली उधारी.

मी काही बोलत नाही.
मी थांबलोय एकाच नावासाठी.

आणि येतं ते. कॅरिस व्हेल, ‘सातवा मजला’.

तो प्रसंग तुम्ही पाहिला असेल.
म्हणजे पाहण्यासारखं त्यात काही नाहीच,
कॅमेरा बंद दारावर, आणि बाहेर जिन्यात
हॉस्पिटलातून एकटी परतलेली बाई चढते आहे.
पहिला मजला. दुसरा.
तिसऱ्यावर थांबते.
इतकं थांबते की थिएटरात कुणी खोकत नाही.
मग एक पाय ओढत पुढे.
समीक्षकांनी लिहिलं,
व्हेलबाईंनी नुसत्या पावलांनी अख्खं वैधव्य सांगितलं.

ती पावलं हास्मिकची.
बरबँकच्या एका तळघरात, लाकडी फळीवर,
जुन्या बाजारातले बेचाळीस नंबरचे बूट,
आत कागदाचे बोळे.
काचेपलीकडे बटणांवर मी.
थांबणं पटकथेत नव्हतंच.
तिचा एकसष्ट वर्षांचा गुडघा तिथे धरला गेला.
मी रेकॉर्डिंग बंद करणार, तोच तिनं हात वर केला:
चालू दे.

ध्वनीच्या पाच नावांत ‘सातवा मजला’ नाही.
मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायला
ते काही रेकॉर्डिंग नव्हतं.

सहा वाजता हास्मिक पाव न्यायला आली,
कापडी सपाता घालून, जराही आवाज न करता.
ही सवय तिची जुनी आहे,
घरी आवाज फुकट घालवत नाही.
सगळे एकदम बोलू लागले.
तिनं ऐकून घेतलं, खडू उचलला.

मला वाटलं, कॅरिसचंच नाव लिहील.
आमचं घोडं असं तरी गंगेत न्हाईल.
तिनं लिहिलं भलतंच नाव,
त्या मासेबाजाराच्या सिनेमातली नवखी पोरगी,
जिला आमच्यापैकी कुणीच धरलं नव्हतं.

का गं?

ती स्वतः चाललीय, हास्मिक म्हणाली.
ओल्या फरशीवर, गमबुटात, पाठीवर पाटी घेऊन.
डावा पाय जरा आत पडतो.
असं मला करता येत नाही.

मग पाव दाबून पाहिला, गाराबेदला म्हणाली,
कालचा आहे, बदलून दे.

मी माझ्या रकान्यात कॅरिस व्हेलच लिहिलं.
हरणार, हे मला कळतं.
दिक्रान हसत होता, लिंबं मोजून ठेव म्हणाला.
बाहेर पायरी उतरताना
हास्मिकनं कठड्याला हात लावला,
आणि थांबली.
मी मोजत राहिलो.